कपाटातला सर्व्हर कोणाचा?

जिन्याखालची अडगळ, माळ्याचा कोपरा, कपड्यांच्या कपाटातला खालचा कप्पा. घरीच स्वतःचे सर्व्हर चालवणाऱ्या होमलॅबवाल्यांना जागा कोणतीही चालते. तिथे एक लोखंडी चौकट उभी राहते. तिची रुंदी 19 इंच. हे माप 1920च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन यंत्रणेसाठी ठरलं आणि आजवर टिकलं. उंची 'यू'मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. वर पॅच पॅनेल, त्याखाली स्विच, मग राउटर, फाइली साठवणारा, हार्ड डिस्कांनी भरलेला नॅस, एखादा जुना सर्व्हर, आणि वजनदार म्हणून अगदी तळाशी यूपीएस. चौकटीवर पैसे घालायचे नसतील त्यांच्यासाठी नेदरलँड्समधल्या हौशी मंडळींनी एक वाट शोधून ठेवली आहे. आयकियाच्या 'लॅक' या स्वस्त टेबलाच्या पायांमधली जागा या यंत्रांना जवळपास बरोबर बसते. तेव्हापासून अनेक देशांतल्या घरांत ती टेबलं सर्व्हर पोटाशी धरून उभी आहेत.

मग फोटो काढले जातात आणि एकमेकांना दाखवले जातात. पाहणाऱ्यांचं लक्ष यंत्रांपेक्षा वायरिंगकडे जास्त असतं. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, पेटंट 1881चं. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. म्हणून टोक बसवताना पीळ अर्ध्या इंचाहून जास्त सोडायचा नाही. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा हा क्रम क्रिंपिंग करणाऱ्यांना झोपेतही आठवतो. केबल बांधायला प्लॅस्टिकच्या टायपेक्षा वेल्क्रोची पट्टी बरी, कारण आवळलेला टाय केबल दाबतो आणि उद्या एकच वायर बदलायची असली तरी कात्री लागते. शिवाय प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना लेबल.

एवढी निगा कशासाठी? बहुतेकांचं उत्तर छोटं असतं: हे माझं आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधत फिरणारा माणूसही हेच म्हणेल. उत्तर साधं वाटतं, पण त्यात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट माझी आहे म्हणजे नेमकं काय आहे?

या उत्तरामागची कळ खरी आहे. जुलै 2009मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑरवेलच्या '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण विकत घेतलेलं पुस्तक रात्रीतून नाहीसं होऊ शकतं, हे लोकांना तेव्हा कळलं. भारतात ज्यावर एका पिढीने मैत्र्या जुळवल्या, ते ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014ला बंद झालं. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण 1 जून 2021ला संपली. मायस्पेसवर लोकांनी चढवलेलं बारा वर्षांचं संगीत सर्व्हर हलवताना गेलं, हे 2019मध्ये उघड झालं. मुलाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवायचा नाही, असं एखाद्या बापाला वाटलं तर त्याला वेडा म्हणता येणार नाही.

तरी रॅकसमोर उभं राहून 'माझं' शोधू लागलं की ते हातातून निसटत जातं. घरातल्या राउटरचा पत्ता बहुधा 192.168 या आकड्यांनी सुरू होतो. फेब्रुवारी 1996च्या एका तांत्रिक दस्तऐवजानुसार या मालिकेतले 65,536 पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कोट्यवधी घरं आज हेच पत्ते वापरतात, आणि ते कोणाच्याही मालकीचे नाहीत. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता इंटरनेट कंपनीने तात्पुरता दिलेला असतो. भारतात तर पुष्कळदा एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. डोमेनचं नाव दरवर्षी पैसे भरून राखावं लागतं. यंत्रांचं घड्याळसुद्धा लांबच्या कुठल्या तरी सर्व्हरकडून वेळ जुळवून घेतं.

आणि सॉफ्टवेअर? लिनक्स, नेक्स्टक्लाउड, जेलीफिन, होम असिस्टंट ही सगळी इतरांच्या श्रमातून उभी राहिलेली आहेत. मार्च 2024मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला दिसलं की त्याच्या यंत्रावरचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय. त्याने ते सोडून दिलं नाही, खणत गेला. 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला होता. हे साधन वर्षानुवर्षं एक माणूस बिनपगारी सांभाळत होता. मदतीच्या मिषाने दुसऱ्याने त्याचा विश्वास कमावला आणि मग घात केला. तो दरवाजा वेळेत सापडला नसता तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांत पोचला असता. कपाटातला 'माझा' सर्व्हर अशा अनोळखी माणसांच्या प्रामाणिकपणावर आणि चिकाटीवर चालतो.

'माझं' असं वस्तूत सापडत नसेल तर ते असतं कुठे? इथे जैन विचार उपयोगी पडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचं, म्हणजे संग्रहाचं, मूळ वस्तूत दाखवलेलं नाही, वस्तूविषयीच्या आसक्तीत दाखवलं आहे. साधूने सारंच सोडायचं. गृहस्थाला ते जमणारं नाही, म्हणून त्याच्यासाठी परिग्रह-परिमाणाचं अणुव्रत आहे. किती ठेवायचं याची रेघ ज्याची त्याने आखायची आणि ती पाळायची. होमलॅबच्या छंदाला हे व्रत तंतोतंत लागू होतं, कारण इथे आसक्ती मीटरवर दिसते. कंपन्यांनी मोडीत काढलेला 2009च्या सुमाराचा सर्व्हर स्वस्तात मिळतो. तो नुसता चालू राहून 150 वॅट खात असेल तर दिवसाला 3.6 युनिट, वर्षाला 1,314 युनिट. हातात मावणारा आजचा छोटा संगणक 10 वॅटमध्ये घरचे फोटो, गाणी सांभाळण्याचं आणि जाहिराती अडवण्याचं काम करतो, वर्षाला जेमतेम 88 युनिटांत. शिकण्यासाठी मोठा सर्व्हर घेणं समजण्यासारखं आहे. शिकून झाल्यावर तो नुसत्या पंख्याच्या आवाजासाठी वर्षानुवर्षं चालू ठेवणं हे परिग्रहाचंच लक्षण.

पण साठवणाऱ्या प्रत्येकाला आसक्त म्हणून मोकळं होता येत नाही. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी 1970च्या दशकाअखेरीपासून 2012मध्ये मृत्यू येईपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या घरी रात्रंदिवस रेकॉर्ड केल्या. व्हिडिओ कॅसेटी सुमारे 70 हजारांवर गेल्या. खोल्या भरल्या, नात्यांवर ताण आला. जवळून पाहणाऱ्याला हा निव्वळ हव्यास वाटला असता. त्यांच्या पश्चात तो संग्रह इंटरनेट आर्काइव्हकडे गेला, आणि ज्या प्रसारणांच्या प्रती कित्येक वाहिन्यांनी स्वतःही जपल्या नव्हत्या त्या तिथे सापडल्या. हव्यास आणि सेवा यांच्यातली रेघ साठ्याच्या आकारावरून कळत नाही. हा साठा कोणासाठी, आणि तो त्याच्यापर्यंत पोचेल का, यावरून कळते.

महात्मा गांधींचा विश्वस्तवृत्तीचा विचार याच जागी येऊन भिडतो. मालकाने स्वतःला मालक समजू नये, सोपवलेल्या ठेवीचा रखवालदार समजावं, असा तो विचार. त्याची मुळं ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्या मंत्रात आहेत. बाकीचे सगळे ग्रंथ जळून गेले आणि हा एकच मंत्र उरला तरी हिंदू धर्म जिवंत राहील, अशा अर्थाचं गांधीजी 1937च्या त्रावणकोर दौऱ्यात बोलले होते. विनोबांनी याच उपनिषदावर 'ईशावास्यवृत्ति' लिहिली. कारखानदार आणि जमीनदारांच्या बाबतीत या कल्पनेवर टीका झाली आणि ती रास्त होती. ज्याच्या हाती सत्ता आहे तो मनाने विश्वस्त झाला की नाही, हे पाहायचं कसं? घरातल्या रॅकपुरती मात्र ही अडचण उरत नाही. इथे विश्वस्तपणाची परीक्षा घेता येते. बॅकअप उतरवून पाहायचा. फाइल उघडते किंवा उघडत नाही.

1998मध्ये पिक्सारला ही परीक्षा अनपेक्षितपणे द्यावी लागली. 'टॉय स्टोरी 2' तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपकडे धाव घेतली तर तोच सदोष निघाला. चित्रपट वाचला तो गॅलिन सस्मन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्याकडे एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून मोटारीने स्टुडिओत नेला.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 नियम हाच धडा देतो: प्रती तीन, साठवणीचे प्रकार दोन, आणि एक प्रत घराबाहेर. ही घराबाहेरची प्रत हौशी मंडळी अनेकदा मित्राच्या घरी ठेवतात आणि त्याची आपल्याकडे. दोन्ही प्रतींना कुलूपबंद सांकेतिक रूप दिलेलं असतं. म्हणजे मित्राची हार्ड डिस्क आपल्या विजेवर चालते, आपल्या यूपीएसवर तगते, आणि तिच्यात काय आहे ते आपल्याला कधीच दिसत नाही. जे भोगता येत नाही ते निष्ठेने सांभाळायचं. विश्वस्तपणाचं याहून निखळ रूप आजच्या शहरी घरात क्वचितच दिसेल.

घरातल्या माणसांचा विचार मात्र यात कमी होतो, आणि हा दोष गंभीर आहे. बायकोने, आईवडिलांनी, मुलांनी हा रॅक मागितलेला नसतो. त्यांचे फोटो, कागदपत्रं, दारावरचा कॅमेरा, सगळं मात्र त्याच्याच भरवशावर असतं. सांभाळणारा परगावी गेला, इस्पितळात पडला किंवा अचानक गेला तर घरच्यांच्या हाती उरतात लुकलुकणारे दिवे आणि कोणालाच ठाऊक नसलेला पासवर्ड. मोठी कंपनी लहरी असेल, पण तिथे दाद मागायला निदान एखादा अर्ज तरी असतो. इथे काहीच नसतं. रचलेल्या वायरींचा आणि लेबलांचा खरा अर्थ या वेळी उलगडतो. ज्याने वायर ओढली त्याला ती कुठे जाते हे माहीत असतंच. लेबल असतं त्याच्यानंतर कपाट उघडणाऱ्यासाठी. त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून चिकटवलेलं असेल तर त्या वायरिंगचं कौतुक जरूर व्हावं.

तेव्हा ज्यांच्या घरी असा रॅक आहे त्यांना एक कळकळीची विनंती. येत्या रविवारी नवीन काही जोडू नका. बॅकअपमधला एक जुना फोटो खरोखर परत मिळतो का ते पाहा. सहा महिन्यांत ज्याला हात लागला नाही ते यंत्र बंद करा. आणि घरातल्या, संगणकाशी देणंघेणं नसलेल्या माणसालाही वाचता येतील अशी दोन पानं साध्या मराठीत लिहा: फोटो कुठे आहेत, ते उघडायचे कसे, पासवर्ड कुठे ठेवला आहे, अडलं तर फोन कोणाला करायचा, आणि काय खुशाल बंद करून विकून टाकायचं. ती पानं विम्याच्या कागदांसोबत ठेवा, आणि ठेवली आहेत हे घरात सांगा.