तिकिटाच्या पलीकडचे देणे

सुट्टीत परदेशी जाणे ही आता कोल्हापुरात फार नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणाची मुलगी तिकडे नोकरीला असते आणि ती आईवडिलांना बोलावून घेते. कुणी टूर कंपनीबरोबर बारा दिवसांत सहा देश करून येते. २०२५ च्या ज्युबिली वर्षात रोमची यात्रा करून आलेली माणसेही आपल्या ओळखीत आहेत. परत आल्यावर पहिले कौतुक असते ते तिथल्या आगगाड्यांचे. रोमहून निघालेली वेगवान गाडी दीड-पावणेदोन तासांत फ्लॉरेन्सला पोहोचते, हे सांगताना कोल्हापूर-पुणे प्रवासाची आठवण हटकून निघते.

हे कौतुक खरेच आहे. पण आम्हाला त्यातून एक प्रश्न पडतो. पूर्ण पैसे मोजून तिकीट काढले, की त्या देशाशी आपला हिशेब मिटला का? परक्या देशात गाडीत बसलेले आपण नेमके कोण असतो, गिऱ्हाईक की पाहुणे?

इटलीतल्या साध्या प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट नुसते काढून भागत नाही. चढण्यापूर्वी ते स्थानकावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तो राहिला, तर तिकीट खिशात असूनही दंड होऊ शकतो. आपली माणसे यावर चिडतात. 'पैसे दिलेत ना आम्ही?' असे म्हणतात. गिऱ्हाईक म्हणून त्यांचे बरोबर आहे. पाहुणा मात्र घरात शिरण्यापूर्वी चपला कुठे काढायच्या ते पाहून घेतो. शिक्क्यासाठी निदान यंत्र तरी आहे. डब्यात मोबाइलवर मोठ्याने बोलू नये, शेजारच्या आसनावर बॅग ठेवून जागा अडवू नये, समोरच्या म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय तिचा फोटो काढू नये, यासाठी कुठलेही यंत्र नाही.

दोष एकाच बाजूचा असतो असेही नाही. स्वित्झर्लंडमध्ये रिगी पर्वतावर जाणाऱ्या रेल्वेने २०१५ साली आशियातून येणाऱ्या पर्यटकांच्या गटांसाठी वेगळ्या गाड्या सोडल्या, कारण गर्दीविषयी आणि वागण्याविषयी इतर प्रवाशांच्या तक्रारी येत होत्या. व्यवहार म्हणून तो तोडगा चोख होता. गटांना बसायला जागा मिळाली, तक्रारदारांना शांतता मिळाली, रेल्वेला पैसे मिळाले. तरी आम्हाला त्यात काहीतरी खुपते. इतक्या दूर जाऊन त्या देशाच्या माणसाशेजारी बसायलाही मिळाले नाही, तर मग पाहिले काय? आणि ज्यांनी आपले पैसे घेऊन आपल्याला वेगळ्या डब्यात बसवले, त्यांनी आपल्याला घरात घेतले असे म्हणता येईल का?

घरात घेतले म्हणजे काय केले, याचे एक जुने उदाहरण आहे आणि ते आपल्याच गावाचे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली युरोपच्या प्रवासाला निघाले तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. कोल्हापुरात रेल्वे यायला अजून २१ वर्षे होती. इंग्लंडमध्ये काही महिने राहून त्यांनी सारे काही उत्सुकतेने पाहिले आणि इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर मंडळी इटलीतील फ्लॉरेन्सला आली. महाराजांची प्रकृती ढासळली होती. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आता त्या शहरापुढचा पेच पाहा. त्या काळी युरोपात मृतदेह जाळण्याची चालच नव्हती. ख्रिस्ती माणसाला ती गोष्ट अंगावर काटा आणणारी वाटे. पुढे १८८६ साली रोमने कॅथलिकांना दहनाची स्पष्ट मनाई केली आणि ती थेट १९६३ साली सैल झाली. म्हणजे आज आपल्यापैकी कुणी दहन पसंत केले, तर ख्रिस्तसभा त्याला हरकत घेत नाही, पण १८७० च्या फ्लॉरेन्समध्ये हे कुणाच्या कल्पनेतही नव्हते. शिवाय फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि दोनच महिन्यांपूर्वी इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते. अधिकाऱ्यांच्या डोक्याला दुसरे व्याप पुष्कळ होते. परक्याचे शव इंग्रजांच्या दफनभूमीत पुरा, असे सांगून ते मोकळे होऊ शकले असते.

त्यांनी तसे केले नाही. महाराजांबरोबरच्या लोकांना अंत्यविधी आपल्या धर्माप्रमाणे, नद्यांच्या संगमावर करायचा होता. प्रयाग चिखलीचा संगम ठाऊक असलेल्या कोल्हापूरकराला यामागची भावना समजावून सांगायला नको. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला कास्चिने नावाचे लांबलचक उद्यान आहे. त्याच्या टोकाला आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते. ती जागा देण्यात आली आणि तिथे रात्री चिता पेटली. १८७४ साली त्याच ठिकाणी छत्री उभी राहिली, तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा बांधला.

यात आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की फ्लॉरेन्सच्या लोकांनी दहन योग्य आहे असे मानले नव्हते. त्यांचे मत बदललेले नव्हते. आपल्याला न पटणारी गोष्ट दुसऱ्याच्या दुःखासाठी आपल्या अंगणात होऊ देणे, एवढेच त्यांनी केले. मत सोडणे वेगळे आणि जागा देणे वेगळे. पुष्कळ भांडणे या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात असे आमचे निरीक्षण आहे.

यावर कुणी म्हणेल, तो राजा होता. पाठीशी ब्रिटिश सरकार होते. एखादा गरीब खलाशी मेला असता, तर त्याला कुणी संगम शोधून दिला असता का? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. बहुधा नसता दिला. राजाला मिळाले ते आदरातिथ्य किती आणि राजकारण किती, हे वेगळे काढून दाखवणे आता शक्य नाही. पण म्हणूनच परीक्षा राजाच्या बाबतीत होत नाही. ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्याच्या बाबतीत होते. उपरा होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले का, हा प्रश्न प्रभूने विचारला तो राजांच्या वतीने नव्हे.

आणि इथे गाडीची दिशा उलटी होते. आपण सुट्टीत फार तर एकदा-दोनदा परदेशी गाडीत बसू. आपल्या शाहू महाराज टर्मिनसवर मात्र परकी माणसे सतत उतरत असतात. हरिप्रिया एक्सप्रेसने दक्षिणेकडची येतात, धनबादहून येणाऱ्या दीक्षाभूमी एक्सप्रेसने झारखंड-बिहारची. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत राबणारे कितीतरी हात असेच आलेले आहेत. आपल्याकडे अनोळखी माणसालाही 'काय पाव्हणं, कुठनं आलासा?' असे विचारायची रीत आहे. शब्द तर आपल्या तोंडात तयारच आहे.

झारखंडच्या आदिवासी भागातले पुष्कळजण कॅथलिक आहेत. त्यांच्यापैकी कुणी रविवारी मिस्साला येऊन मागच्या बाकावर बसला, तर मिस्सा संपल्यावर त्याच्याशी कोण बोलते? आणि उद्या त्याला काही बरेवाईट झाले, हाताशी बाप्तिस्म्याचा दाखला नाही, गावच्या धर्मगुरूंचे पत्र नाही, नातलग पोहोचायला दोन दिवस लागणार, तर दफनभूमीतल्या जागेविषयी आपण काय म्हणू? जागा कमी आहे ही अडचण खोटी नाही. आपल्या घराण्याची थडगी, त्यांची डागडुजी, यादी, वर्गणी, सगळे नियम कारणाशिवाय झालेले नाहीत. पण हा प्रश्न रात्री अकरा वाजता फोनवर येईल तेव्हा विचार करायला वेळ नसेल. तो धर्मग्राम समितीच्या बैठकीत आधीच, सावकाश बोलून ठेवावा असे आम्हाला वाटते.

फ्लॉरेन्सला जाणाऱ्यांसाठी एक माहिती. ती छत्री सहलीच्या कार्यक्रमात सहसा नसते. स्थानकाजवळून ट्रामने कास्चिनेपर्यंत जाता येते, पुढे उद्यानातून टोकापर्यंत बरेच चालावे लागते. जवळच नदीवर १९७८ साली झालेला मोठा पूल आहे. त्याचे नाव पोन्ते आल्लिंदियानो, म्हणजे 'भारतीयाजवळचा पूल'. वाट विचारताना कोल्हापूरचे नाव घेऊन उपयोग होईलच असे नाही. नुसते 'इंदियानो' म्हणावे, लोक हात करून दाखवतात.