मंच सोडणारे पियानोवादक

पियानोवादकाचं मोठेपण मोजायची एक रूढ पट्टी आहे. किती शहरांत वाजवलं, कोणत्या सभागृहांत वाजवलं, किती रचना मुखोद्गत आहेत. ही पट्टी फार प्राचीन असावी असा आपला समज असतो, पण तिचं वय दोनशे वर्षंही नाही. 1837 मध्ये विशीही न गाठलेल्या क्लारा वीकने (पुढे क्लारा शूमान) बर्लिनमध्ये बेटहोव्हेनचा ‘अपासिओनाता’ सोनाटा समोर स्वरलिपी न ठेवता वाजवला, तेव्हा बेटिना फॉन आर्निमसारख्या जाणत्या लेखिकेलाही तो आगाऊपणा वाटला होता. दुसरा कुणी गायक-वादक न घेता संपूर्ण कार्यक्रम एकट्याने करायचा, ही टूम फ्रान्झ लिस्टने 1839-40 च्या सुमारास रोम आणि लंडनमध्ये काढली. पुढे तिचाच दंडक झाला. गंमत अशी, की लिस्ट स्वतः 1847 मध्ये, पस्तिसाव्या वर्षीच, व्यावसायिक मैफलींतून बाहेर पडला. एकट्याने, पाठ केलेलं, भरल्या सभागृहापुढे वाजवणं ही एका काळाची सोय होती, संगीताची गरज नव्हे. आणि याचे सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे हा प्रकार ज्यांना उत्तम जमला, तेच वादक.

टोरांटोचा ग्लेन गूल्ड त्यांतला सर्वांत गाजलेला. 1955 च्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्कमध्ये बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चं ध्वनिमुद्रण केलं आणि तो रातोरात जगाला ठाऊक झाला. 1957 मध्ये मॉस्को आणि लेनिनग्राडच्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. तरी 10 एप्रिल 1964 रोजी लॉस एंजेलिसला वाजवल्यानंतर तो पुन्हा जाहीर मैफलीला बसला नाही. तेव्हा तो अवघा एकतीस वर्षांचा होता. भर उन्हाळ्यातले हातमोजे, वडिलांनी बनवून दिलेली बुटकी खुर्ची, वाजवताना चाललेलं गुणगुणणं यांवर इतकं लिहिलं गेलं, की त्याचा युक्तिवाद बाजूलाच पडला. त्याचं म्हणणं साधं होतं. गर्दीपुढे वादक जोखीम घेत नाही, हुकमी तेच पुन्हा पुन्हा वाजवतो. स्टुडिओत मात्र मत बदलायला अवसर मिळतो. बाखच्या ए मायनर फ्यूगचं उदाहरण त्याने स्वतःच दिलं आहे. दोन वेळा केलेलं मुद्रण, एक भारदस्त, दुसरं हलकंफुलकं. दोन्ही निर्दोष, पण सलग ऐकताना दोन्ही एकसुरी. मग त्याने दोहोंतले तुकडे जोडले. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी कादंबरीकाराचा खर्डाही एकटाकी असावा असा आग्रह धरायला हवा.

आपल्याकडचा रसिक इथे हटकून अडवेल. समोर दाद देणारा श्रोता नसेल तर मैफल कसली? ख्यालाच्या बाबतीत हा आक्षेप बिनतोड आहे, कारण गायकाची पुढची आवर्तनं ठरलेली नसतात आणि समोरच्या एका ‘वा’ने ती वळू शकतात. गोल्डबर्गचे स्वर मात्र 1741 मध्येच छापून झाले आहेत. श्रोत्यांमुळे लय, स्पर्श, दोन स्वरांमधली उसंत यांत फरक पडतो, हे मात्र कबूल करायलाच हवं, आणि तो फरक किरकोळ नाही. इथेच गूल्डचं पाऊल घसरतं. शतकभरात जाहीर मैफल नामशेष होईल असं भाकीत त्याने केलं होतं. साठ वर्षं लोटली, सभागृहं भरतच आहेत. त्याने परीक्षेचा जाच अचूक ओळखला, पण परीक्षेबरोबर श्रोत्यांनाही घालवून दिलं.

स्व्यातोस्लाव रिख्टरने तसं केलं नाही. ज्या 1964 मध्ये गूल्डने मंच सोडला, त्याच वर्षी रिख्टरने फ्रान्समधल्या तूर शहराजवळच्या तेराव्या शतकातल्या एका धान्याच्या कोठारात संगीत महोत्सव सुरू केला. पुढे, पासष्टीच्या आसपास, त्याने पाठांतरही सोडलं. सभागृहात अंधार, स्वरलिपीवर एक दिवा, शेजारी पानं उलटणारा माणूस. श्रोत्यांनी आपला चेहरा नव्हे, संगीत न्याहाळावं हा हेतू. 1986 मध्ये तो मोटारीने सायबेरियाभर हिंडला आणि सभागृहही नसलेल्या गावांत वाजवत गेला. यावर कुणी म्हणेल, की हे तत्त्व नव्हे, म्हातारपणाची तडजोड. तेव्हा त्याच्या कानांना स्वर मूळ पट्टीहून चढे ऐकू येऊ लागले होते, हे खरंच आहे. पण निमित्त शरीराचं असलं म्हणून कारण खोटं ठरत नाही. रचनाकाराची प्रत्येक खूण डोळ्यांसमोर असणं अधिक प्रामाणिक, असं त्याला वाटू लागलं होतं, आणि त्या काळातली त्याची शूबर्ट, हायडनची मुद्रणं ऐकताना काही उणं पडल्याचं जाणवत नाही. मार्था आर्गेरिच यांचं उदाहरण तर वयाच्या पलीकडचं आहे. मंचावर एकटं वाटतं म्हणून त्यांनी चाळिशीतच एकल कार्यक्रम जवळजवळ थांबवले. वाद्यवृंदासोबत आणि मित्रांसोबत त्या वाजवत राहिल्या.

याच आर्गेरिचनी 1965 मध्ये जिंकलेल्या वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत एकल फेऱ्यांतलं वादन आजही पाठ असावं लागतं. अशा स्पर्धांच्या आयोजकांनी निदान स्वरलिपी समोर ठेवण्याची मुभा द्यावी. ज्याला नको असेल त्याने ती मिटून ठेवावी.