राष्ट्रचिन्हे आणि राज्यकर्ते

राष्ट्रध्वजापुढे आपण उभे राहतो, तेव्हा वंदन कोणास करतो? राष्ट्रास की राज्यकर्त्यांस? प्रश्न वरवर पाहता बाळबोध वाटेल; परंतु संसदीय प्रजासत्ताकाचे सारे मर्म त्याच्या उत्तरात साठलेले आहे, असे आम्हांस वाटते.

अनियंत्रित राजेशाहीत राज्याचे चिन्ह आणि राज्याची सत्ता एकाच मस्तकावर नांदत असे. आपल्या राज्यघटनेने ही गाठ हेतुतः सोडविली. कारभार चालतो राष्ट्रपतींच्या नावे. परंतु ७४ व्या कलमान्वये तो चालवावा लागतो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि ते मंत्रिमंडळ ७५ व्या कलमान्वये लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते. १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० अशा अवघ्या एका मताने वाजपेयींचे सरकार पडले; परंतु २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने स्वीकारलेल्या तिरंग्याचे स्थान त्यामुळे तसूभरही ढळले नाही. सरकार जावे आणि राष्ट्र राहावे, ही या व्यवस्थेची खरी थोरवी.

मग चिन्हांविषयीचा आदर सक्तीने वसूल करता येईल काय? येथे केरळातील तीन शाळकरी भावंडांचा खटला आठवतो. राष्ट्रगीत चालू असता ही मुले आदराने उभी राहत. मात्र धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. १९८५ साली त्यांस शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८६ साली त्यांस परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही आणि स्तब्ध उभे राहण्यातही आदर आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

अशाने शिस्त कशी टिकेल, असे कोणी विचारील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ध्वजाचा व राष्ट्रगीताचा आदर राखणे हे ५१-क कलमाने नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे आणि चारचौघांत ध्वज जाळणे हा १९७१ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. तथापि कायद्याचा हात अपमान रोखण्यापर्यंतच पोहोचतो. भक्ती ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणातूनच उपजावी लागते. भीतीने गायिलेल्या गीताने राष्ट्राचा कोणता गौरव होणार?

या खटल्यापुरताच हा विचार मर्यादित नाही. ध्वज सर्वांचा आहे, म्हणजेच तो सरकारच्या विरोधकांचाही आहे. जो राज्यकर्ता स्वतःवरील टीकेस राष्ट्राचा अपमान म्हणतो, तो घटनेने सोडविलेली गाठ पुन्हा बांधू पाहत असतो. ती बांधू न देणे हेही राष्ट्रवंदनच होय.