सुलभतेची चाळणी

सुटीचे दिवस सरले की आमच्या वयाच्या मंडळींच्या बैठकीत एकच सूर लागतो. डिसेंबरची अखेर असो, महाशिवरात्र असो वा श्रावण. घराबाहेर पाऊल टाकणे कठीण झाले, गल्लीच्या तोंडाशी परगावच्या मोटारी उभ्या, देवळात जायचे तर आधी मोबाइलवर नोंदणी, असे गाऱ्हाणे सुरू होते. गर्दी आणि यंत्र यांचा उच्चार एकाच दमात होतो. वास्तविक एक जिवंत माणसांची, दुसरे निर्जीव. तरीही दोहोंपुढे होणारी अवस्था सारखीच असते : माणूस भांबावतो. हे भांबावणे केवळ वयाचे दुबळेपण आहे, की त्यात काही नैतिक तक्रारही दडली आहे, आणि असल्यास ती नेमकी कोणाविरुद्ध, याचा विचार करावासा वाटतो. तो आम्ही उज्जैनच्या आधाराने करीत आहोत, कारण ते गाव आमच्या अंगवळणी पडलेले आहे.

उज्जैनला गर्दी नवी नाही. १९९२, २००४ आणि २०१६ ही तीन सिंहस्थे आम्ही शासकीय सेवेत असताना बंदोबस्ताच्या बाजूने पाहिली. दरवर्षी श्रावणी सोमवारी महाकाळाची सवारी निघते, तिची गंमत तर मराठी वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे. येथील बहुसंख्य लोक पौर्णिमान्त महिने मानतात, आपण अमान्त. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि आपला श्रावण त्यांच्या भाद्रपदात संपतो. शिंदेशाहीच्या या गावाने वाद न घालता दोन्ही श्रावण आपलेसे केले. त्यांच्या पहिल्या सोमवारापासून आपल्या शेवटच्या सोमवारापर्यंत सवाऱ्या निघतात. म्हणजे गर्दीलाही पंचांग होते. ती कधी येणार हे ठाऊक असे आणि कधी ओसरणार हेही. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ या विस्तीर्ण परिसराचे लोकार्पण झाले आणि ते पंचांग जवळजवळ निकालात निघाले. आता कोणताही शनिवार-रविवार पर्वणीसारखाच. मधल्या काळात हातोहाती मोबाइल आले, त्यावर नकाशे आले, पैसे देण्याघेण्याची सोय आली. दूरच्या शहरातला माणूस रात्री मनात आणतो आणि सकाळी क्षिप्रेच्या घाटावर उतरतो.

वाट सोपी झाल्याने तीर्थाचे काय होते, हा प्रश्न गांधीजींनी १९०९ सालीच विचारला होता. इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परतताना आगबोटीवर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी रेल्वेवर जे आरोप ठेवले, त्यांत हाही एक आहे : पूर्वी तीर्थाला जाणे फार कष्टाचे होते, म्हणून बहुधा खरे भाविकच तेथे पोहोचत, रेल्वेने वाट सुकर केली आणि तीर्थांचे पावित्र्य गेले. आमच्या बैठकीतील गाऱ्हाणे याच आरोपाचे नवे रूप आहे. रेल्वेच्या जागी मोबाइल घातला की झाले.

गांधीजींविषयी पूर्ण आदर बाळगूनही हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. कष्टाची वाट ही चाळणी खरीच. पण त्या चाळणीतून श्रद्धा निवडली जात होती, हे कशावरून? खडतर वाट गुडघे पारखते, कनवटीची रक्कम पारखते आणि घरातल्या कर्त्या पुरुषाची मर्जी पारखते. आमच्या आजीच्या पिढीतील कितीतरी बायका काशीचे नाव घेत घेत गेल्या. काशी पाहिली ती पुरुषांनी आणि सधनांनी. त्यांच्या भक्तीत काही उणे होते, असे कोण म्हणेल? आज खेड्यातील शेतमजूर बाई नातवंडे बरोबर घेऊन महाकाळापुढे उभी राहते. ती आल्यामुळे आम्हाला भाजी आणायला वळसा पडत असेल, तर तो वळसा आम्ही मुकाट्याने घेतला पाहिजे.

‘आम्ही येथले, ते उपरे’ हा दुसरा युक्तिवाद तर त्याहून लटका. उज्जैनातील आमची मराठी घरे अठराव्या शतकात शिंद्यांच्या फौजेमागोमाग आली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचे देऊळ नव्याने उभारले, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण क्षिप्राकाठच्या मूळ रहिवाशांनी आमच्या पूर्वजांना काही अक्षता देऊन बोलावले नव्हते. त्या काळी आमच्याकडे पाहून तेथल्या वृद्धांच्या बैठकीत काय बोलले गेले असेल, याची कल्पना करून पाहावी.

मग तक्रार उरतच नाही काय? उरते, आणि ती गंभीर आहे.

आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंना पतीमागे निवृत्तिवेतन मिळते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या कार्यालयातील यंत्राने त्यांच्या बोटांचे ठसे ओळखले नाहीत. साठ वर्षे भांडी घासून, कपडे पिळून रेषा झिजल्या होत्या. पर्याय म्हणून मोबाइलवर संकेतांक आला, तो पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर. मुलाने तो कळवीपर्यंत मुदत टळली. बाई खिडकीपुढे सदेह उभ्या, पलीकडचा तरुण त्यांच्याशी अदबीने बोलतो आहे, पण त्या जिवंत आहेत हे त्याला मान्य करता येत नाही. न्यायाने सांगितले पाहिजे की आता चेहऱ्यावरूनही असा दाखला घरबसल्या देता येतो आणि अंथरुणाला खिळलेल्यांना त्याचा मोठा आधार झाला आहे. पण त्या दिवशी बाई एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होत्या, ‘आता मी विचारू तरी कोणाला?’

जुन्या वाटेची चाळणी दुबळ्या पायांना मागे ठेवी. नवी चाळणी झिजलेल्या बोटांना आणि मंद नजरेला मागे ठेवते. फरक इतकाच की पूर्वी चाळणी दिसे. घाट चढवत नाही, हे सर्वांना कळे आणि कोणीतरी हात देई. आता मागे राहिलेल्याला वाटते, आपल्यालाच येत नाही.

जुन्या कारकुनाचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. तीस-पस्तीस वर्षे त्यांच्या सहवासात काढल्यावर ते शक्यही नाही. कारकून तुसडा असे, क्वचित लाचखाऊही. परंतु त्याच्यावर रागावता येत असे, त्याच्या साहेबाकडे जाता येत असे. यंत्रापुढे राग निराधार होतो. गर्दीतही नेमके हेच घडते : हजारो माणसे भोवती आणि आपल्याला उत्तर देण्यास बांधलेला एकही नाही.

म्हणूनच सर्व गर्दी भांबावून टाकीत नाही. आषाढीच्या वारीत लाखो माणसे चालतात, पण प्रत्येकाची दिंडी ठरलेली, दिंडीला क्रमांक, ती रथाच्या पुढे की मागे हेही निश्चित. हरवलेला वारकरी आपल्या दिंडीचा क्रमांक सांगतो आणि ठिकाणावर पोहोचतो. माहितीच्या साठ्याचेही तसेच. तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा साठाच; त्यात आपल्या पणज्याची सही निघते. पण ती वही उघडण्यापूर्वी समोरचा माणूस विचारतो, ‘गाव कोणते?’ आणि आपण तोंडाने सांगतो.

मोजदाद वाढली म्हणून काळजी वाढते, असे नाही. १५ जुलै १९९६ रोजी, सोमवती अमावास्येला, उज्जैनच्या देवळात आणि हरिद्वारला एकाच दिवशी चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर कठडे, कॅमेरे, नियंत्रण कक्ष सारे आले, आणि यायलाच हवे होते. तरी २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजला पुन्हा माणसे चिरडली गेली. त्या मेळ्यात स्नान करणाऱ्यांचा शासकीय आकडा ६६ कोटींच्या वर गेला. आकडेमोडीत आयुष्य घालवलेल्या आम्हाला त्या आकड्यापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते : दर शंभर पावलांवर, ‘पुढे जाऊ नका, या बाजूने वळा’ असे सांगणारा आणि विचारले तर थांबून ऐकणारा एक माणूस उभा असणे. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होतील, घाट लांबतील. अशा माणसांचे पदनाम मात्र कोणत्याही आकृतिबंधात आम्ही पाहिलेले नाही.

सवारीच्या दिवशी आमच्याकडील काही निवृत्त मंडळी दुपारपासून ओट्यावर खुर्च्या टाकून बसतात. पोलिसांनी कोणती गल्ली बंद केली, हे मोबाइलच्या नकाशाला उशिरा कळते. ओट्यावर ते आधी कळलेले असते. हातात नकाशा धरूनच लोक थांबतात आणि रामघाटाची वाट विचारतात. निम्मे तर उत्तर पुरे होण्याआधीच चालू लागतात, आणि पुढच्या वळणावर थांबून दुसऱ्या ओट्यावर तोच प्रश्न करतात.