हौतात्म्य आणि नित्यकर्म

कोणतीहि कलाकृति प्रथम पाहतांना मनुष्य ‘पुढें काय होणार’ ह्या जिज्ञासेच्या आहारीं गेलेला असतो. ती पुन्हां पाहतांना जिज्ञासा शमलेली असते आणि विवेकास अवसर मिळतो. चित्रपटगृहाच्या अंधारांत शेंकडों लोकांच्या उसाशांत आपला उसासा मिसळत असतां जें सहज पटतें, तें घरीं, दिवा लावून, हवें तेथें चित्र थांबवून पाहिलें म्हणजे तपासून घ्यावें लागतें. घरगुती पडद्यानें लोकांची अभिरुचि बिघडविली असें म्हणण्याची चाल पडली आहे. परंतु पुनर्विचाराचें एक साधन त्यानेंच आम्हांस दिलें, हेंहि मान्य केलें पाहिजे.

हा विचार सुचण्यास निमित्त झाला व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा १९४६ सालचा बोलपट. पुण्यास मार्केट यार्डाच्या शेजारीं असलेल्या आमच्या बिऱ्हाडीं तो आम्हीं नुकताच, पुष्कळ वर्षांनीं, पुन्हां पाहिला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ काँग्रेसनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक धाडलें, त्यांत ते होते. इतर चौघे यथाकाल परतले. कोटणीस मात्र तेथेंच राहिले, चिनी भाषा शिकले, बेथ्यून ह्या कॅनडाच्या शस्त्रवैद्याच्या स्मरणार्थ चालविलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील एका परिचारिकेशीं विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयास बत्तीस वर्षें पुरीं होऊन दोनच महिने झाले असतां, वारले.

बोलपटाचा नायक प्लेगच्या घोर साथीवर उपाय शोधतो व अखेर त्याच रोगास बळी पडतो. वस्तुतः कोटणीसांचा अंत अपस्माराच्या झटक्यांनीं झाला. त्यापूर्वीं चार वर्षें युद्धभूमीवरील अपुरें अन्न, अपुरी झोंप आणि न संपणारें काम त्यांच्या वाट्यास आलें होतें. १९४० मध्यें एका लढाईच्या वेळीं त्यांनीं सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. एरवीं जखमा धुणें, विद्यार्थ्यांस शिकविणें, त्यांच्यासाठीं पाठ्यपुस्तक लिहिणें हाच त्यांचा दिनक्रम असे.

इतिहास जें घडलें तें सांगतो, काव्य जें घडूं शकेल तें सांगतें, असा भेद ॲरिस्टॉटलनें केला आहे. तेव्हां शांतारामांवर असत्याचा आरोप करणें अरसिकपणाचें होईल. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राष्ट्रास उज्ज्वल चित्राची भूकहि होती. आमचा प्रश्न निराळा आहे. प्रेक्षकांस प्लेगच कां लागतो? मनुष्य हळूहळू झिजून मेला, एवढ्यानें आमचें अंतःकरण कां हलत नाहीं?

हा दोष एका बोलपटाचा नाहीं. अमेरिकेंत १९९४ पासून २००९ पर्यंत चाललेली ‘ई. आर.’ ही रुग्णालयाची दूरचित्रवाणी-मालिका पाहावी. तेथें रोगी धांवत आणला जातो आणि कांहीं मिनिटांत जीवनमरणाचा निर्णय होतो. रोजचें मलमपट्टीचें काम नाट्यास सोयीचें नसतें. यांतून प्रेक्षकाच्या मनावर असा संस्कार होतो कीं, सेवा म्हणजे एखादा तेजस्वी क्षण. असा क्षण आपल्या आयुष्यांत आला नाहीं, म्हणजे आपण सुटलों! हौतात्म्यास इतक्या उंचीवर बसविलें कीं, त्यास हात जोडतां येतात. त्याचें अनुकरण कोणी मागत नाहीं. परक्या मुलखाची भाषा शिकणें, आणि दमलेले असूनहि उद्यां पुन्हां कामावर येणें, हें मात्र आम्हां प्रत्येकाकडून मागतां येईल. म्हणूनच तें आम्हांस गैरसोयीचें वाटतें.

आमच्या शेजारच्या बाजारांत हमाल पाठीवर पोतें घेतो. त्याची पाठ एका दिवसांत मोडत नाहीं, आणि म्हणून त्याचें दुखणें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. डॉ. बाबा आढाव हे आयुर्वेदाचे वैद्य. हमालांस औषध देतां देतां त्यांच्या ध्यानीं आलें कीं, दुखण्याचें मूळ ओझ्यांतच आहे. आणि ते दवाखान्यांतून निघून हमालांच्या संघटनेकडे वळले. पोत्याचें वजन उतरावें, हमालीचा रास्त दर मिळावा, म्हाताऱ्या हमालास आधार असावा, ह्यांसाठीं अर्ज, सभा, संप ह्यांत दशकें गेलीं. हमाल-माथाडींसाठीं १९६९ सालीं महाराष्ट्रांत कायदा झाला, त्यामागेंहि अशाच चिकाटीच्या चळवळी होत्या. पोतें हलकें करणें हीहि चिकित्साच होय. पण तिचा बोलपट काढावयाचा तर कोणता प्रसंग निवडावा?

यावर कोणी म्हणेल कीं, प्लेगचा प्रसंग नसता तर कोटणीसांचें नांव घरोघर पोहोंचलेंच नसतें. हें खरें आहे. आम्हीहि त्यांचें चरित्र वाचावयास घेतलें तें बोलपट पाहूनच. तेव्हां अशा चित्राचें ऋण मानावें. मात्र डोळे पुसून उठल्यावर त्या माणसानें रोज काय केलें, हेंहि विचारावें. त्याचें उत्तर साधेंच असतें. परंतु त्यांतील कांहीं तरी उद्यां सकाळीं आपणांस करतां येण्याजोगें असतें.