गुलाबी बेडकांचा बहर

लेगो कंपनीने २०२१ साली बोन्सायचं झाड बाजारात आणलं. हिरवी पानं उतरवून त्याच्या फांद्यांवर चेरीचा गुलाबी बहर चढवता येतो. झाड चार हात लांबून पाहिलं तर फुलं दिसतात. नाक लावून पाहिलं तर त्या फुलांत बेडूक बसलेले दिसतात. इवलेसे, पाय मुडपलेले, अंगाने गुलाबी. बेडकाचा साचा कंपनीकडे आधीपासून होता. कुणीतरी तो गुलाबी प्लास्टिकात ओतून घेतला आणि बेडूक थेट झाडावर नेऊन बसवले. त्याच्याही आधी, २०१४च्या पॅरिसमधल्या उपाहारगृहाच्या संचात, इमारतीच्या दर्शनी भागावरची नक्षी म्हणून पांढरे क्रॉसाँ लावले होते. न्याहारीचा पदार्थ भिंतीवर!

ही नजर मूळची हौशी मंडळींची. खोक्यावरचं चित्र बाजूला सारून स्वतःच्या मनाने जे बांधायचं, त्याला ते ‘मॉक’ म्हणतात. एखादा मॉक समोर आला की जाणकार सर्वांत आधी शोधतो तो असा भलत्याच जागी चपखल बसलेला भाग. किती हजार तुकडे लागले, किती महिने गेले, ही चौकशी नंतरची. जेमी बेरार्डसारखे काही हौशी पुढे कंपनीतच संचांचे आराखडे करायला लागले आणि जाताना ही खोड सोबत घेऊन गेले.

मला जास्त कुतूहल आहे ते या लोकांच्या स्पर्धांचं. नोकरीधंदा सांभाळून प्रौढ माणसं एकमेकांविरुद्ध ठोकळे रचतात, बऱ्याचदा नाव घेण्याजोगं बक्षीसही नसतं, आणि हरलेला जिंकलेल्याला विचारतो, ‘तो कोपरा कसा बसवलास?’ जिंकलेला सांगतो. याचं श्रेय मंडळींच्या मनमिळाऊ स्वभावाला द्यायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ही माणसं तुमच्याआमच्याइतकीच हट्टी असतात. २००४च्या सुमारास कंपनीने आपल्या राखाडी रंगात निळसर झाक आणली, त्यावरून केवढा गहजब झाला होता! मैत्री स्वभावात असेल तर असेल. मुळात ती त्या ठोकळ्याच्या घडणीत आहे.

ठोकळ्याचा जन्म डेन्मार्कमधल्या बिलुंडचा. ओले किर्क ख्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली आणि १९४९मध्ये प्लास्टिकचे ठोकळे आणले. ते बेतले होते हिलरी पेज या ब्रिटिश माणसाच्या ‘किडीक्राफ्ट’ ठोकळ्यांवर. खरी भर पडली ती पुढे. आतून पोकळ ठोकळ्यात नळ्या घालायच्या, म्हणजे खालच्या ठोकळ्याची बटणं त्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट धरली जातात, ही युक्ती. तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. तेव्हापासूनचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांत बसतात. आजोबांचा डबा नातवाच्या कामी येतो, तोही अडगळ म्हणून नव्हे, कच्चा माल म्हणून.

मापं सगळ्यांना ठाऊक आहेत. एका बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६, पातळ प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेट मिळून एक ठोकळा. इथवर मुलांनाही कळतं. पण पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन बटणांची रुंदीही १६ मिलिमीटरच! म्हणजे पाच प्लेटची चळत आडवी केली तर दोन बटणांच्या जागेत ती फटीशिवाय बसते. हे गणित ज्याच्या हाती आलं, त्याच्यासाठी ठोकळ्याला वर-खाली उरत नाही. भिंत एका अंगावर पडते, बटणं आत वळतात, बाहेरून गुळगुळीत पृष्ठ मिळतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, हे लेगोचं नाहीच. हे साधतं ते बगलेला बटण असलेल्या भागांमुळे. त्यांतला ‘हेडलाइट ब्रिक’ माझा आवडता. नाव पडलं ते मोटारीच्या दिव्यांवरून, पण त्याचं बगलेचं बटण अर्ध्या प्लेटइतकं आत घेतलेलं असल्याने त्याने किती इमारतींच्या खिडक्या आणि किती यंत्रमानवांचे खांदे जुळवले असतील कोण जाणे.

चार बाय दोनचे एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात, हे डॅनिश गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाकरवी मोजलं. उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. लेगोच्या जाहिरातबाजीत हा आकडा स्वातंत्र्याचं प्रमाणपत्र म्हणून मिरवतो. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. एक्क्याण्णव कोटींपैकी प्रत्येक रचना कुणालाही उकलता येते. शिल्पकाराच्या बोटांचा दाब, गवयाचा श्वास इथे आड येत नाही. छायाचित्र मोठं करून पाहा, बटणं मोजा, सुटे भाग ओळखा. जिंकणाऱ्याची युक्ती संध्याकाळपर्यंत तुमच्या टेबलावर तयार. गुपित राखणं शक्यच नसेल तर ते राखण्याचा कोतेपणाही हळूहळू गळून पडतो. कापायचं नाही, चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही, हा कर्मठांचा दंडकही मला त्यामुळेच समजतो. कापलेला तुकडा दुसऱ्या कुणाच्याच डब्यात नसतो. न्यूयॉर्कचे नेथन सवाया वकिली सोडून ठोकळ्यांची शिल्पं करू लागले, ती ते चिकटवतात. संग्रहालयांत फिरवायच्या कलाकृतीला ते योग्यच आहे. पण चिकटवलेला ठोकळा खेळातून बाद झाला.

चांगल्या स्पर्धांचे नियम हीच गोष्ट ताणून धरतात. ‘आयर्न बिल्डर’ या लढतीत दोघांना एकच भाग नेमून दिला जातो आणि ठरलेल्या मुदतीत प्रत्येक रचनेत तो वापरावा लागतो. त्या भागाचं काय काय होतं हे पाहण्यात प्रतिस्पर्ध्यांइतकाच प्रेक्षकही गुंततो, कारण तो भाग त्याच्याही डब्यात आहे. ‘शिपटेंबर’मध्ये सप्टेंबरच्या एका महिन्यात निदान १०० बटणं, म्हणजे ८० सेंटिमीटर लांबीचं अंतराळयान उभं करायचं, तिथे खरी चढाओढ कॅलेंडरशी. सगळ्यांत चतुर रचना मला ‘ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन’ची वाटते. प्रत्येकाने चेंडू पुढे सरकवणारं आपलं यंत्र आणायचं आणि शेजाऱ्याच्या यंत्राला जोडायचं. अट एवढीच, की सरासरी सेकंदाला एक चेंडू पुढे गेला पाहिजे. तुमचं यंत्र कितीही डौलदार असो, शेजाऱ्याचं अडकलं की तुमचंही उपाशी. मग आपोआपच माणूस आपला पाना घेऊन शेजाऱ्याकडे धावतो.

श्रेयाचा प्रश्न मात्र उरतोच. युक्ती घ्यावी, ती कुणाची हे सांगावं, अख्खी रचना उचलून आपली म्हणू नये, एवढा शिष्टाचार या लोकांनी आपापसात पाळला आहे. बाहेरचे पाळत नाहीत. लेपिन या चिनी नावाखाली हौशींच्या रचनांचे हुबेहूब संच विकले गेले, त्यांना विचारलंही नाही. खुद्द लेगोचा ठोकळाही पेज यांच्या ठोकळ्यावरून निघाला, हे आठवलं की कंपनीच्या मालकी हक्काच्या खटल्यांकडे पाहताना किंचित हसू येतं. युरोपीय न्यायालयाने २०१०मध्ये निकाल दिलाच की ठोकळ्याचा आकार तांत्रिक कामासाठी आहे, त्याची व्यापारचिन्ह म्हणून मक्तेदारी देता येत नाही.

पैशाने समता बिघडते, हेही लपवण्यात अर्थ नाही. सुट्या भागांचा जागतिक बाजार ‘ब्रिकलिंक’ २०००मध्ये सुरू झाला आणि हवा तो भाग हव्या त्या रंगात मिळू लागला, पण विकत. ज्याची खोली ठोकळ्यांनी भरलेली आहे तो भव्य किल्ला बांधतो. म्हणून १६ बाय १६ बटणांच्या, म्हणजे तळहातापेक्षा थोड्याच मोठ्या पायावर बांधायच्या स्पर्धा मला जास्त प्रामाणिक वाटतात. कंपनीच्या ‘लेगो आयडियाज’मध्ये १०,००० लोकांचा पाठिंबा मिळालेली कल्पना छाननीत टिकली तर संच निघतो आणि कल्पकाला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळतो, कल्पना आणि बाजाराची चाचणी दोन्ही कंपनीला आयती मिळतात. टीव्हीचं तर वेगळंच. ‘लेगो मास्टर्स’ ब्रिटनमध्ये २०१७ला सुरू झालं, मग देशोदेशी पसरलं. स्पर्धकांची करामत थक्क करणारी असते, पण आठवड्याला एका जोडीला घरी पाठवायचं असल्याने पूल बांधायला लावतात आणि तो मोडेपर्यंत वजन चढवतात. ठोकळ्याला घरी कुणाला पाठवायचं नसतं, कार्यक्रमाला असतं.

या सगळ्याच्या उलट बाजूला एक ऑस्ट्रेलियन तरुण आहे. जेम्स जेसिमन यांनी १९९५मध्ये पडद्यावर ठोकळे रचायची ‘एलड्रॉ’ ही प्रणाली लिहिली आणि फुकट वाटली. दोनच वर्षांत ते वारले. जगभरच्या हौशींनी एकेक भाग मोजून, रेखाटून तिच्यात घालणं आजतागायत चालू ठेवलं आहे. पडद्यावरचा ठोकळा खिशाला परवडतो, ही समतेच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. पण त्याला वजन नसतं. फांदी वाकत नाही, भिंत फुगत नाही, कधीच न निघालेल्या रंगाचा भागही हजर होतो. अशा रचनांचा गट वेगळा ठेवणारे परीक्षक बरोबर करतात.

बांधकामाची मैत्रीपूर्ण स्पर्धा मराठी वाचकाला काही नवी नाही. दिवाळीच्या सुटीत गल्लोगल्ली किल्ले होतात, मंडळं परीक्षक पाठवतात, चिखलाच्या हातांची मुलं महादरवाजा कुठे आणि चोरवाट कुठे हे एका दमात सांगतात. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी, चिलखती तटबंदी मातीत उभी करणं सोपं नाही. बाहेरची भिंत सुकताना तडकते, आतली खचते, आणि मधली चिंचोळी वाट राखायची तर आत काहीतरी घालावं लागतं. काय घातलं ते मात्र परीक्षकाला दिसत नाही. वरून लिंपलेली माती आणि उगवलेले अळीव सगळं झाकून टाकतात. करणी झाकली गेली की नजर आपोआप देखाव्याकडे वळते. मग कारंजं, विजेच्या माळा, बाजारातून आणलेले मावळे, आणि अलीकडे तर प्लास्टरचा तयार किल्लाच. शेजारच्या वाड्याने बुरूज गोल कसा आणला हे कळायला वाव नसल्याने पुढच्या वर्षी आपल्या बुरुजात काही सुधारणा होत नाही. फक्त माळ लांबते.

मंडळांनी एक वर्ष करून पाहावं. प्रत्येक गटाला मोजून तितकीच माती, तितकीच पोती, तितकेच दगड. तयार मावळे आणि वीज बंद. शिवाय सगळ्यांना सारखी एक निरुपयोगी वस्तू, समजा नारळाची करवंटी, आणि ती कुठेतरी दिसली पाहिजे अशी अट. लिंपण्याआधी एक दिवस सगळ्यांनी सगळ्यांचे सांगाडे पाहून यायचे. परीक्षक अडचणीत येतील, पालक तक्रारी करतील, करवंटीचा बुरूज चांगला की करवंटीचा तलाव यावर मुलं तावातावाने भांडतील. तेवढं भांडण चालायचंच.