ओळंबा

गवंड्याच्या हातातला ओळंबा काही केल्या स्थिर राहीना. सकाळी घोट घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नसे. शेवटी बायकोने त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी बजावलं, "आपल्या मनाने एकदम सोडू नका. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली तर झटके येतात, जीवही जातो." त्याला कधी झटका आला नव्हता, भास झाले नव्हते, घरी लक्ष ठेवायला बायको होती. म्हणून घरी राहूनच औषधं घ्यायची, पहिला आठवडा रोज दाखवून जायचं, असं ठरलं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालतं, हे त्याने ऐकलं होतं. पण भरती झालं तर रोजंदारी बुडणार, मग चूल कशी पेटायची?

घरी राहून घ्यायचा उपचार सोपा, असं लोकांना वाटतं. मला तोच अवघड वाटतो. संध्याकाळी माणूस त्याच गुत्त्यावरून घरी येतो.

समुपदेशक ताईंनी एक शब्दही सुनावला नाही. एवढंच विचारलं, "पहिला घोट कधी? तेव्हा खिशात किती असतात? पोटात काय असतं?" शनिवारचा पगार आणि रिकामं पोट, असं उत्तर निघालं. मग पगार बायकोच्या हातात, सुट्टीआधी भाकरी, परतताना ओढ्याकडची वाट. रोज रात्री तो कॅलेंडरवर एक फुली मारी. ४३ फुल्या झाल्या.

४४व्या दिवशी स्लॅब पडला. मालकाने रिवाजाप्रमाणे मटण आणलं, बाटल्या आणल्या. चार दिवस तो पीतच राहिला. कॅलेंडर त्याने स्वतःच फाडलं.

पाचव्या दिवशी बायकोने पुन्हा दवाखाना गाठला. तो मान खाली घालून म्हणाला, "सगळं पाण्यात गेलं, ताई."

ताई बोलायच्या आत बायकोच म्हणाली, "एक थर ओळंब्याबाहेर गेला, तर भिंत पायापासून पाडता का?"

"नाही. तेवढा थर उतरवतो."

तिने पिशवीतून कॅलेंडरची पानं काढली. भाताच्या शितांनी चिकटवलेली.

ताईंनी विचारलं, "पुढचा स्लॅब कधी?"

"बावीसला."

"स्लॅब पडला की हात धुऊन थेट इकडे यायचं. दोघांनी."

त्याने कानामागची पेन्सिल काढली. चार चौकटी कोऱ्या सोडून पाचवीवर टेकवली, थबकला, आणि पुन्हा कानामागे खोचली. अजून दुपारच होती.